'ब्रेझन' हा इंग्रजी शब्द: नेमका अर्थ, वाक्यातली जागा आणि मराठीशी घालायची सांगड

इंग्रजी वृत्तपत्र वाचणाऱ्याला 'ब्रेझन' हा शब्द वारंवार भेटतो. 'ब्रेझन अटॅक', 'ब्रेझन लाय', 'ब्रेझन डिस्रिगार्ड फॉर द लॉ'. द्वैभाषिक कोशात पाहावं तर 'निर्लज्ज, उद्धट, धीट' असे तीन शब्द एका ओळीत मिळतात, आणि मराठी माणसाला हे तिन्ही एकच कसे वाटतील? धीट मुलाचं आपण कौतुक करतो आणि निर्लज्ज माणसाला दारात उभं करत नाही. स्पर्धा परीक्षांच्या समानार्थी शब्दांच्या याद्यांमध्ये तर 'ब्रेझन म्हणजे बोल्ड' एवढंच पाठ करायला सांगतात. त्या यादीवर एक गुण मिळेल, पण निबंधात किंवा पत्रात तोच शब्द वापरला की वाक्य भलतीकडे जातं. म्हणून हा शब्द मुळापासून, एकेका पायरीने पाहू.

पहिली पायरी: उच्चार आणि स्पेलिंग

स्पेलिंग बी-आर-ए-झेड-ई-एन. उच्चाराचा जोर पहिल्या अवयवावर, 'ब्रे'वर असतो आणि शेवटचा 'अन' अगदी हलका, जवळजवळ गिळलेला. मधला 'झ' आपल्या 'माझा'मधला आहे, 'झेंडा'मधला नाही. मराठीत हे दोन्ही उच्चार एकाच अक्षराने लिहिले जात असल्यामुळे वाचताना चूक होते. 'ब्रेजन' असा 'ज' तर त्यात मुळीच नाही.

क्रियाविशेषण 'ब्रेझनली'. भाववाचक नाम 'ब्रेझननेस', आणि त्यात दोन एन सलग येतात: एक मूळ शब्दाचा, दुसरा 'नेस' प्रत्ययाचा. लिहिताना एक एन गळणं ही या शब्दातली सर्वांत नेहमीची चूक आहे. तुलनेसाठी 'मोअर ब्रेझन' आणि 'मोस्ट ब्रेझन' वापरावं. बातम्यांमध्ये 'इन्क्रीझिंगली ब्रेझन' हा जोड फार चालतो: पहिल्या वेळी काहीच झालं नाही, म्हणून पुढच्या वेळी अधिक उघडपणे केलेलं कृत्य.

दिसायला आणि ऐकायला जवळचे दोन शब्द वेगळे ठेवा. 'ब्रॅश' म्हणजे फाजील आत्मविश्वासाचा, उतावळा. नव्याने नोकरीला लागलेला, सगळं आपल्यालाच कळतं असं समजणारा पोरगा 'ब्रॅश' असतो, पण त्याने काही गैर केलेलंच असतं असं नाही. 'ब्रासी' म्हणजे भडक, कर्कश.

दुसरी पायरी: शब्दातलं पितळ

इंग्रजीत 'एन' (ई-एन) हा जुना प्रत्यय 'अमुकचा बनलेला' हे सांगतो. 'वुड'वरून 'वुडन', 'गोल्ड'वरून 'गोल्डन', 'वूल'वरून 'वूलन'. तसंच 'ब्रास'वरून 'ब्रेझन', म्हणजे पितळी. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा एवढाच अर्थ होता. त्या काळी पितळ आणि काशासारखे तांब्याचे मिश्रधातू इंग्रजीत काटेकोरपणे वेगळे मानत नसत, त्यामुळे जुन्या मजकुरात 'ब्रेझन' म्हणजे पितळेचं की काशाचं, याचा फार कीस काढण्यात अर्थ नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलात मोशेने घडवलेल्या पितळी सर्पाला हेच विशेषण लावलेलं आहे, झेडऐवजी एस घालून. ऑक्सफर्डमधल्या, १५०९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रेझनोज कॉलेजचं नावही पितळी नाकावरूनच आलं: दारावरच्या, प्राण्याच्या मुखवट्याच्या आकाराच्या धातूच्या कडीवरून.

सोळाव्या शतकात हा धातू माणसाच्या चेहऱ्यावर आला. 'ब्रेझन-फेस्ड' म्हणजे पितळी तोंडाचा. हाडामांसाचा चेहरा लाजेने लाल होतो, पितळेचा होत नाही. या एका कल्पनेवर आजचा सगळा अर्थ उभा आहे. पकडलं गेल्यावर ज्याच्या चेहऱ्यावर रेषसुद्धा हलत नाही, तो 'ब्रेझन'.

मराठी वाचकाने इथे एक सावधगिरी ठेवायला हवी. आपल्याकडेही पितळ म्हणीत शिरलं आहे, पण उलट्या बाजूने. 'पितळ उघडं पडणं' म्हणजे वरची कल्हई किंवा मुलामा जाऊन आतलं खरं स्वरूप दिसणं. त्यात लपवाछपवी आहे, आणि ती उघडकीला येणं आहे. इंग्रजी 'ब्रेझन'मध्ये लपवणं नाहीच. म्हणून 'हिज ब्रास वॉज एक्स्पोज्ड' असं भाषांतर इंग्रज वाचकाला काहीच सांगणार नाही. तिथे 'ही वॉज एक्स्पोज्ड' पुरेसं आहे. दोन्ही भाषा जोडून लक्षात ठेवायचं तर असं ठेवा: पितळ उघडं पडल्यावरही जो मान खाली घालत नाही, त्याला इंग्रजीत 'ब्रेझन' म्हणतात.

जुन्या कवितेत किंवा पुराणकथांच्या इंग्रजी अनुवादात हा शब्द आला तर पुढचं नाम पाहा. दरवाजे, भांडं, रणशिंग, आकाश असं काही असेल तर अर्थ पितळी, किंवा पितळेसारखा खणखणीत. माणूस, कृती किंवा बोलणं असेल तर अर्थ निर्लज्जपणाचा. आजच्या गद्यात पहिला अर्थ जवळपास संपला आहे.

तिसरी पायरी: शब्द बसतो का, याचे तीन प्रश्न

'ब्रेझन' लिहिण्याआधी प्रसंगाला तीन प्रश्न विचारा. कृत्य गैर आहे का? ते उघडपणे झालं का? करणाऱ्याला लाज किंवा परिणामांची भीती वाटल्याचं दिसतं का? पहिल्या दोन्हींचं उत्तर 'हो' आणि तिसऱ्याचं 'नाही' असेल तरच शब्द बसतो. एकही उत्तर चुकलं तर दुसरा शब्द शोधा.

रात्री तीन वाजता मागच्या खिडकीचे गज कापून घर फोडलं. कृत्य गैर, पण लपूनछपून. हे 'ब्रेझन' नाही; इथे 'स्टेल्दी' किंवा 'फर्टिव्ह' योग्य. भर दुपारी, गजबजलेल्या बाजारात, तोंडावर रुमालही न बांधता दुकान लुटलं. हे 'ब्रेझन'. ग्रामसभेत एका बाईने उभं राहून सरपंचाला पाण्याच्या टाकीचा हिशेब विचारला. उघडपणे, न घाबरता. पण यात गैर काय आहे? हे 'बोल्ड' किंवा 'करेजस'. आता त्या सरपंचाचा समर्थक तिला 'ब्रेझन' म्हणेल, आणि तिथे या शब्दाचं खरं काम दिसतं. हा शब्द घटना सांगता सांगता निकालही देतो. तो वापरला की लिहिणारा कोणाच्या बाजूने उभा आहे हे वाचकाला कळतं. म्हणून बातमीत आणि अहवालात तो जपून, आणि लेखात किंवा भाषणात मोकळेपणाने वापरावा.

मराठी वृत्तपत्रांत 'धाडसी दरोडा', 'धाडसी घरफोडी' असे मथळे रूढ आहेत. त्यांचं इंग्रजी करताना बहुतेक जण 'डेअरिंग रॉबरी' लिहितात. चूक नाही, पण 'डेअरिंग'मध्ये दरोडेखोराच्या हिमतीला नकळत दाद मिळते. निषेध अभिप्रेत असेल आणि कृत्य सर्वांदेखत झालं असेल तर 'ब्रेझन' घ्या. मध्यरात्री तिजोरी कापण्याचं कौशल्य सांगायचं असेल तर 'डेअरिंग' ठीक.

चौथी पायरी: वाक्यात नेमकी जागा

नामाच्या आधी तो सहज बसतो. ठरलेल्या जोड्या पाठ असाव्यात, कारण इंग्रजीचा कान याच जोड्यांवर तयार झालेला असतो: ब्रेझन लाय, ब्रेझन अटेम्प्ट, ब्रेझन थेफ्ट, ब्रेझन अटॅक, ब्रेझन हिपॉक्रसी, ब्रेझन डिस्रिगार्ड. शेवटच्या जोडीपुढे 'फॉर' येतो: 'ब्रेझन डिस्रिगार्ड फॉर सेफ्टी रूल्स'. 

क्रियापदानंतर आला आणि कशाबद्दल हे सांगायचं असेल तर 'अबाउट' लागतो. 'ही वॉज क्वाइट ब्रेझन अबाउट टेकिंग द मनी', म्हणजे पैसे घेतल्याचं तो लपवतही नव्हता. इथे 'ऑफ' किंवा 'फॉर' लावू नका.

खरी अडचण पुढे आहे. मराठीत 'त्याची एवढी हिंमत, की त्याने मलाच जाब विचारला' असं आपण नाम वापरून म्हणतो, आणि त्या ओघात 'ही हॅड द ब्रेझन टू आस्क मी' असं लिहून बसतो. 'ब्रेझन' विशेषण आहे, नाम नाही. तेव्हा 'ही वॉज ब्रेझन इनफ टू आस्क मी' म्हणा, किंवा 'हॅव द' या साच्यात बसणारं नाम घ्या: 'ही हॅड द नर्व्ह टू आस्क मी'. 'हॅड द ब्रेझननेस टू' व्याकरणाने बरोबर असलं तरी कानाला जड लागतं आणि फारसं कुणी वापरत नाही.

'ब्रेझनली' मुख्य क्रियापदाच्या आधी ठेवा. 'ही ब्रेझनली लाइड टू द कमिटी.' सहायक क्रियापद असेल तर दोघांच्या मध्ये: 'दे हॅव ब्रेझनली इग्नोअर्ड द ऑर्डर.'

पाचवी पायरी: 'ब्रेझन इट आउट'

हा वाक्प्रचार वेगळा शिकायला हवा, कारण इथे शब्द क्रियापद होतो आणि एक पूर्ण प्रसंग दोन-तीन शब्दांत मावतो. क्रम असा असतो. आधी चूक झाली. मग ती उघडकीला आली. आता कबुली द्यायची, तोंड लपवायचं, की काही झालंच नाही अशा थाटात वावरायचं? तिसरा मार्ग म्हणजे 'टू ब्रेझन इट आउट'. भूतकाळ 'ब्रेझन्ड इट आउट'. 'इट' वगळू नका. त्याच्या जागी प्रकरणाचं नाव येऊ शकतं, जसं 'ब्रेझन आउट द स्कँडल'.

समजा, प्रबंधातली पानंच्या पानं उचललेली निघाली. समितीने मूळ ग्रंथ आणि प्रबंध शेजारी शेजारी ठेवले. संशोधक शांतपणे म्हणाला, 'यात नवीन काय? सगळेच असं करतात.' 'ही ट्राइड टू ब्रेझन इट आउट' हे वाक्य इथे अगदी चपखल बसतं. 'ट्राय'बरोबर हा वाक्प्रचार फार येतो, कारण प्रयत्न फसण्याची शक्यता वाक्यातच असते.

जवळच्या क्रियापदांशी गल्लत करू नका. 'ब्लफ' म्हणजे अजून पकडले गेलो नाही तोवर थाप मारून वेळ मारून नेणं. 'स्टोनवॉल' म्हणजे प्रश्नांना उत्तरच न देणं. 'टफ इट आउट' म्हणजे कठीण काळ चिवटपणे काढणं. त्यात अपराध नसतो. 'ब्रेझन इट आउट'साठी उघड झालेला दोष लागतोच. आजारपणातून जिद्दीने बाहेर आलेल्या माणसाबद्दल हा वाक्प्रचार वापरला तर तो त्याचा अपमान होईल.

सहावी पायरी: शेजारचे शब्द, हलक्यापासून जडापर्यंत

'हॅव द ... टू' या साच्यात बसणाऱ्या नामांची चढती भाजणी अशी आहे. 'चीक' सर्वांत हलका आणि ब्रिटिश. नातवाने आजोबांच्या ताटातला लाडू उचलला तरी 'चीक' म्हणता येईल, आपल्या 'आगाऊपणा'इतकाच. 'नर्व्ह' रोजच्या बोलण्यातला. 'गॉल'मध्ये कडवटपणा आहे, कारण मूळ अर्थच पित्त. अमेरिकेत जास्त ऐकू येतो. 'ऑडॅसिटी' औपचारिक आणि दुधारी: 'द ऑडॅसिटी ऑफ द प्लॅन' म्हटलं तर कौतुक असू शकतं, 'ही हॅड द ऑडॅसिटी टू' म्हटलं की बहुधा संताप. 'एफ्रंटरी' सर्वांत जड, लिखित इंग्रजीतला, आणि त्यात कौतुकाला जागाच नाही. 

'टेमेरिटी' या रांगेत दिसतो, पण त्याचा गाभा वेगळा आहे. लॅटिनमधल्या 'आंधळेपणाने, अविचाराने' या अर्थाच्या शब्दापासून तो आला. त्यात निर्लज्जपणापेक्षा अविचार अधिक. वरिष्ठाला प्रश्न विचारणाऱ्या कनिष्ठाबद्दल तो सहसा येतो. 'इम्प्युडन्स'च्या मुळाशी मात्र लाज नसणं हेच आहे, आणि तो बहुतेक वेळा मोठ्याने लहानाला, मालकाने नोकराला लावलेला दिसतो. त्यामुळे आज तो जुनाट आणि वर्चस्वाचा वास असलेला वाटतो.

यिद्दिशमधून अमेरिकन इंग्रजीत आलेल्या 'खुत्स्पा'चं स्पेलिंग सी-एच ने सुरू होतं म्हणून 'चुट्झपा' वाचू नका. पहिला आवाज घशातला 'ख' किंवा 'ह' आहे. आईवडिलांचा खून करून 'मी अनाथ आहे, दया करा' अशी न्यायालयाला विनवणी करणारा माणूस हा या शब्दाचा सांगितला जाणारा नमुना. मूळ भाषेत ती निंदा आहे. अमेरिकन बोलण्यात मात्र बेधडक उद्योजकालाही तो कौतुकाने लावतात. 'ब्रेझन'ला अशी सवलत जवळपास नाही.

विशेषणांमध्ये 'ब्लेटंट' आणि 'फ्लेग्रंट' यांच्याशी सर्वाधिक गोंधळ होतो. ढोबळ पण उपयोगी भेद असा: 'ब्लेटंट' म्हणजे कृत्य डोळ्यांत भरण्याइतकं उघड, 'फ्लेग्रंट' म्हणजे नियमाचा भंग गंभीर आणि उघड, आणि 'ब्रेझन' म्हणजे करणाऱ्याची वृत्ती. 'ब्लेटंट एरर' असू शकते, कारण चूक नकळत झाली तरी ठळक असते. 'ब्रेझन एरर' होत नाही. चूक करणाऱ्याला आपण चुकलो हेच माहीत नसेल तर निर्लज्जपणा येणार कुठून?

खोट्याच्या बाबतीत ब्रिटनमध्ये 'बेअरफेस्ड लाय' आणि अमेरिकेत 'बॉल्ड-फेस्ड लाय' जास्त चालतं. दोन्हींचा अर्थ 'ब्रेझन लाय'च्या अगदी जवळचा आहे. 'बोल्ड अ‍ॅज ब्रास' आणि 'ब्रास नेक' हे ब्रिटिश प्रयोगही त्याच पितळेचे. दुसरा स्कॉटलंड आणि आयर्लंडकडे विशेष ऐकू येतो.

परीक्षेत विरुद्धार्थी शब्द विचारला तर पर्याय पाहून ठरवा. माणसाच्या वृत्तीचे पर्याय असतील तर 'अबॅश्ट', 'मॉडेस्ट', 'शाय'. कृत्याच्या पद्धतीचे असतील तर 'फर्टिव्ह', 'सरप्टिशस'.

सातवी पायरी: मराठीत आणताना

'ब्रेझन' दिसला की 'निर्लज्ज' लिहायचं, ही सवय मोडायला हवी. 'निर्लज्ज हल्ला' हे मराठी नाही. हल्ला निर्लज्ज नसतो, तो भरदिवसा, सर्वांदेखत, बेधडक केलेला असतो. आपल्याकडे या भावाच्या छटा इतक्या आहेत, की एकाच शब्दावर अडून राहणं म्हणजे आपल्याच भाषेवर अन्याय आहे.

खोटं असेल तर 'धडधडीत'. भ्रष्टाचार, अवैध वाळूउपसा असेल तर 'राजरोस'. नियमांबद्दलचा 'डिस्रिगार्ड' असेल तर विशेषण सोडून द्या आणि 'नियम धाब्यावर बसवले' म्हणा. 'ब्रेझन'चा सगळा जोर त्या क्रियेत येतो. अट्टल गुन्हेगाराला 'निर्ढावलेला'. वारंवार बोलणी खाऊनही ज्याच्यावर परिणाम होत नाही तो 'कोडगा' किंवा 'निगरगट्ट'. दुसऱ्याच्या भावनेची, वयाची पर्वा न करणारा 'बेमुर्वतखोर'. 'ब्रेझन इट आउट'साठी 'वर तोंड करून बोलणं' किंवा 'काही झालंच नाही असा आव आणणं'. आणि दोषी माणूस उलट दुसऱ्यावरच आरोप करत असेल तर 'चोर तो चोर वर शिरजोर' आणि 'चोराच्या उलट्या बोंबा' तयारच आहेत.

उलट दिशेने जाताना हे सगळे शब्द 'ब्रेझन'मध्ये कोंबू नका. 'उद्धट' म्हणजे 'रूड' किंवा 'इन्सोलंट'. 'मुजोर' माणसात सत्तेचा किंवा गरजेचा गैरफायदा असतो, त्यासाठी 'हाय-हँडेड' जवळचा. 'कोडगा'ला अनेकदा 'थिक-स्किन्ड' पुरतो, पण लक्षात ठेवा, इंग्रजीत 'थिक-स्किन्ड' असणं हा गुणही मानला जातो. 'सोकावलेला' म्हणजे शिक्षा न झाल्याने धीर चेपलेला. त्यासाठी 'एम्बोल्डन्ड' हा नेमका शब्द आहे. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, या म्हणीतला उत्तरार्ध इंग्रजीत सांगायचा तर हाच शब्द हाताशी हवा. 

'उजळ माथ्याने'वर विशेष लक्ष द्या. सन्मानाने जगणाऱ्याबद्दल तो असेल तर 'विथ हेड हेल्ड हाय'. पण 'आरोपी गावात उजळ माथ्याने फिरतोय' या तक्रारीचं इंग्रजी 'ब्रेझनली' किंवा 'ओपनली' असंच होईल. तिथे मान उंच ठेवण्याचा गौरव भाषांतरात शिरला तर अर्थ उलटा होतो.

आठवी पायरी: कुठे वापरू नये

तक्रारअर्ज, कार्यालयीन ईमेल, चौकशी अहवाल. 'द कॉन्ट्रॅक्टर ब्रेझनली कट डाउन द ट्रीज' या वाक्यात झाडं किती, कधी, कोणाच्या परवानगीविना तोडली हे काहीच नाही, फक्त तुमचा राग आहे, आणि कंत्राटदाराच्या मनातल्या हेतूवरचा आरोप आहे. त्याऐवजी तारीख, वेळ, झाडांची संख्या, आधी दिलेल्या नोटिशीचा क्रमांक लिहा, आणि मग 'डिस्पाइट रिटन नोटीस' हे तीन शब्द. उघडपणा आणि बेपर्वाई वाचणाऱ्याला आपोआप दिसते. नियमभंगाला विशेषण हवंच असेल तर 'फ्लेग्रंट' घ्या. 

स्त्रियांबद्दल लिहिताना तर दुप्पट काळजी घ्या. 'ब्रेझन हसी' ('हसी' म्हणजे चवचाल बाई) हा इंग्रजीतला जुना वाक्प्रचार बाईच्या मोकळ्या वागण्याला शिवी म्हणून वापरला गेला, आणि त्याची सावली या शब्दावर अजून आहे. मराठी बोलण्यात 'बोल्ड' म्हणजे कपड्यांनी किंवा दृश्यांनी धीट असा अर्थ रुळला आहे. 'बोल्ड भूमिका'चं इंग्रजी करताना त्याहून जोरकस शब्द हवा म्हणून 'ब्रेझन' लिहिणं ही गंभीर चूक आहे. त्या कलाकाराने काहीही गैर केलेलं नसताना तुम्ही तिला निर्लज्ज ठरवता.

हात बसवण्यासाठी पाच वाक्यं इंग्रजीत करून पाहा, उत्तरं खाली झाकून ठेवा. (१) त्याने समितीसमोर धडधडीत खोटं सांगितलं. (२) दंड न झाल्याने वाळूमाफिया सोकावले. (३) वर त्याने माझ्याकडेच पैसे मागितले, काय हिंमत! (४) भांडं फुटल्यावरही तो वर तोंड करून वावरत राहिला. (५) तिने न घाबरता मुख्याध्यापकांना प्रश्न विचारला.

पहिल्यात 'टोल्ड अ ब्रेझन लाय'. दुसऱ्यात 'वेअर एम्बोल्डन्ड'; इथे 'बिकेम मोअर ब्रेझन'ही चालेल, कारण कृत्य गैर आणि उघड दोन्ही आहे. तिसऱ्यात 'ही हॅड द नर्व्ह टू आस्क मी फॉर मनी', राग जास्त असेल तर 'गॉल'. चौथ्यात 'ही ब्रेझन्ड इट आउट'. पाचव्यात 'बोल्डली' किंवा 'फिअरलेसली', आणि 'ब्रेझनली' मुळीच नाही.